राघू बसू नये म्हणून

आमच्या मंडळाला नाव नाही. मुरबाडला पहिल्यांदा वाजवायला बसलो तेव्हा निवेदकानं तीन वेळा विचारलं, "नाव काय सांगू?" आणि आमच्या गावच्या गुरुजींनी तीन वेळा सांगितलं, "नाव नाय." शेवटी त्यानं कपाळाला हात लावला आणि माईकमध्ये म्हणाला, "आता सादर होत आहे प्रायोगिक संगीत. सादरकर्ते अनामिक." प्रायोगिक हा शब्द त्याला कुठून सुचला कोण जाणे. आम्हाला तर तोपर्यंत हे संगीत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

आता मोबाईलवर त्या दिवसाचा व्हिडिओ फिरतो आणि खाली लोक काय काय लिहितात. कुणी म्हणतं, ही शहरातली शिकलेली मुलं आहेत, मुद्दाम गावठी वाजवतात. कुणी म्हणतं, तोंड लपवण्यामागं फार खोल विचार आहे. विचार होता, खोटं कशाला बोलू? पण तो बांधाचा विचार होता. शेताच्या बांधाचा.

सुरुवात बाबांच्या पायापासून झाली. भात दुधात भरलं होतं आणि बाबा ओढ्यात घसरून पाय मोडून बसले. मी शहापूरला एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, तिथंच खोली घेऊन राहते. बाबांचा फोन आला. पाय मोडल्याचं त्यांनी शेवटी सांगितलं. आधी सांगितलं, "राखणीला कोण नाय. ये." मी रजेचा अर्ज लिहायला बसले. 'वडिलांच्या शेतातले राघू हाकायचे आहेत' असं कारण अर्जावर चालत नाही, म्हणून मी कावीळ लिहिली. कावीळ लिहिली की कुणी जवळ येऊन चौकशी करत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या शेतात, चार मेढींवरच्या माळ्यावर, हातात काठी आणि पुढ्यात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बसले. अडतिसाव्या वर्षी. लग्न का केलं नाही हा गावाचा आवडता विषय होता. त्यात ही भर.

राखण म्हणजे काय, ते सांगते. पिकत्या भातावर राघूंचे थवे येतात. बसले की लोंब्या कातरून टाकतात. खातात थोडं, नासतात फार. त्यांना बसू द्यायचं नाही, एवढंच काम. डबा वाजवायचा, ओरडायचं, कंटाळा आला की गोफण फिरवायची. मी पहिल्या दिवशी मन लावून वाजवलं. धडधड धडधड, अगदी लेझीमच्या तालात. राघू उडाले, एक घिरटी घेतली, आणि अर्ध्या तासात माझ्या तालावर माना डोलवत लोंब्या सोलायला बसले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते खाटेवर हसून हसून लाल झाले. "ताल धरलास म्हणून बसले. राघू काय बहिरा नाय. त्याला कळलं, पुढचा ठोका कवा येनार, की झाला तो निवांत. त्याला कळूच द्याचा नाय."

हा आमच्या संगीताचा पहिला आणि शेवटचा धडा. पुढचा ठोका कधी येणार, हे राघूला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून मी ताल मोडायला लागले, आणि सांगते, ताल धरण्यापेक्षा मोडणं फार अवघड. हात आपोआप रुळावर येतो. मी डब्याच्या कडेवर मारलं, बुडावर मारलं, आत खडे टाकून हलवला. माळ्याला नांगराचा जुना फाळ टांगला. तो घणघणला की कानात मुंग्या यायच्या. मध्येच गप्प बसायचे, आणि राघू खाली उतरायला लागले की एकदम सगळं एकत्र. तासाभरात मी अशी काही वाजवत होते की कुणी बघितलं असतं तर कावीळ मेंदूत गेली म्हणालं असतं. मला मात्र शाळा सोडल्यापासून एवढी मजा आली नव्हती.

आणि तेव्हा पलीकडून उत्तर आलं.

पलीकडे, म्हणजे बांधाच्या पलीकडे. आता बांधाचं सांगायलाच हवं. तिकडचं शेत माझ्या सख्ख्या काकाचं. बांध कोणी कोरला यावरून बाबा आणि काका अकरा वर्षांपूर्वी भांडले. प्रश्न वीतभर जमिनीचा. त्या वितीपायी जेवणं तुटली, बोलणं तुटलं, आणि बांध मधल्यामध्ये रिकामा पडला. पूर्वी दोन्ही घरं त्यावर तूर लावायची, आता कुणी दाणा टाकत नाही. काकाला भातसानगरला धरणावर नोकरी होती. त्यानं काकीला उचललं आणि तिकडच्या क्वार्टरमध्ये नेलं. शेत वाडीवरच्या दादाला वाट्यानं दिलं. दादा म्हणजे वरच्या डोंगरवाडीतला, बाबांपेक्षा थोडा लहान, नेहमी हसणारा माणूस.

एकदा शेजारच्या एका बाईनं चांगुलपणानं काकीच्या तापाची बातमी आमच्याकडं आणली. बाबांनी तिला झापलं, "आमाला कशाला सांगतेस?" आणि काकाला कळलं तेव्हा त्यानंही झापलं, "तिकडं कशाला सांगितलंस?" तेव्हापासून गावानं तोंडाला कुलूप लावलं. या घरचं त्या घरी कुणी सांगायचं नाही. आम्हीही तिकडं मान वळवायची नाही असा शिरस्ता पाडला. माझी मान तर इतकी पक्की झाली होती की ओढ्यापलीकडं काकाचं घर आहे तिकडचा डोळा मिटूनच मी रस्ता चालायचे.

बाबांना बांध गेल्याचं दुःख होतं. मला बांधाचं काही नव्हतं, माझी काकी गेली होती. माझी आई मी आठ वर्षांची असताना वारली. पुढं वेणी काकीनं घातली, ताप तिनं उतरवला, दहावीच्या निकालाला माझ्याआधी तीच रडली. आणि मग एका वितीसाठी अकरा वर्षं ती मला दिसली नाही. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. कुणाजवळ बोलणार? बाबांजवळ?

तर उत्तर आलं. ठण्ण्. तांब्याचा हंडा, बहुतेक फुटका. माझ्या खडखडाटात नेमकी जिथं फट होती तिथं बसला. मला वाटलं, दादा वाजवतोय. मी फाळ घणघणवला. हंड्यानं कडेवर काठी घासून असा काही आवाज काढला की दोन राघू हवेतच वळले. मी हसत सुटले. त्यात वरच्या नाचणीच्या वावरातून तिसरा आवाज, फट्! एका टोकाला उभा चिरलेला बांबू दगडावर आपटल्याचा. ही दादाची बायको असणार, मी मनाशी ठरवलं.

त्या दिवसापासून महिनाभर आम्ही तिघं वाजवत होतो. भात छातीएवढं, मध्ये करवंदीच्या जाळ्या. कुणाला कुणी दिसत नव्हतं. शेतात माणसाला नावानं हाक मारायची नाही, ही आमच्याकडची जुनी पद्धत. पिकल्या शेतात नाव घेतलं की रानडुकराला कळतं इथं किती माणसं आहेत, असं म्हणतात. म्हणून नुसतं "हो ऽ" म्हणायचं आणि पलीकडून "हो ऽ" आला की समजायचं. बिननावाचं मंडळ म्हणून आमचा जो काही लौकिक आहे तो या रानडुकरांच्या कृपेनं.

आणि काय वाजवायचो! एकदा नुसती कुजबूज: डब्यावर नखं, हंड्यावर बोटं, बांबू पानांवर. राघू गोंधळून विजेच्या तारेवर रांगेनं बसून राहिले, श्रोत्यांसारखे. एकदा फाळ ओल्या फडक्यात गुंडाळून मारला. एकदा वरून नुसती एक शिंक आली आणि आम्ही दोघांनी ती शिंक पंधरा मिनिटं वाजवली. मी सकाळी डोळा उघडला की आज काय करायचं याच विचारात असायचे. दात घासताना तांब्या वाजवून बघायचे. बाबा खाटेवरून म्हणायचे, "पोरगी येडी झाली." पण दुपारी मी जेवायला आले की ते विचारायचे, "सकाळी तो खरखर आवाज कशाचा केला तिकडून?" मी म्हणायचे, "काय माहीत." ते म्हणायचे, "बरा होता."

एक गोष्ट मात्र मला सतावत होती. हंडेवाला शेवटचा ठोका सोडायचा. तो कधी चार ठोके मारायचा, कधी अकरा, वेग वाढवत वाढवत कडेपर्यंत न्यायचा, आणि शेवटचा मारायचाच नाही. तिथं फट राहायची. आणि माझा हात, मला न विचारता, तो ठोका मारायचा. दर वेळी. मी ठरवून बघितलं की आज नाही मारायचा. छे! काठी आपोआप पडायची. मला वाटायचं, दादाला वाजवण्याची काय समज आहे!

शाळेचे गुरुजी एक दिवस माळ्याखाली येऊन उभे राहिले. मला वाटलं, तक्रार आहे. पोरांचं पाढ्यांत लक्ष लागत नसणार. गुरुजी म्हणाले, "मुरबाडला तालुक्याचा कार्यक्रम आहे. आपल्याकडून जाणारी नाचाची पार्टी फुटली. तुम्ही हे जे करता ते तिथं करा."

"गुरुजी, मी कावीळ झालेली बाई आहे," मी म्हटलं. "शहापूरचं कुणी बघितलं तर नोकरी जाईल."

"तोंड दिसणार नाही याची सोय करतो. बाकीच्यांचीपण हीच अट आहे."

दादाला कसली आलीय अट, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गुरुजींची सोय म्हणजे इरली. पूर्वी भात लावताना पावसात डोक्यावरून घ्यायचे ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं छप्पर. आता सगळे प्लास्टिक घेतात, पण गावात पोटमाळ्यांवर तीन निघाली. इरलं डोक्यापासून खाली सगळी पाठ झाकतं, पण पुढून माणूस उघडाच. म्हणून गुरुजींनी आम्हाला लोकांकडं पाठ करून बसवलं. एकेकाला वेगळं नेलं, इरलं आधी घालायला लावलं आणि मग स्टेजवर चढवलं. इरल्याच्या कडा दोन्ही बाजूंनी घोड्याच्या झापडांसारख्या. शेजारी कोण बसलंय दिसेना. समोर फक्त कार्यक्रमाचा निळा पडदा. मागून आम्ही तीन मोठी कासवं दिसत होतो म्हणे. लोक आधीच हसायला लागले होते.

आम्ही सुरू केलं. पहिला मिनिटभर हशा, मग शांतता. मग मैदानाच्या कडेच्या वडावरची सगळी पाखरं एकदम उडाली, आणि पुढं जे झालं ते आमच्या तालुक्यातच होऊ शकतं. प्रेक्षकांत सगळे शेतकरी. कान राखणीला सरावलेले. डोक्यावरून पाखरांचा थवा जाताना दिसला आणि डब्याचा आवाज ऐकू आला, की त्यांना राहवतंय थोडंच! कुणीतरी म्हातारा उठून ओरडला, "हा ऽ हा ऽ! हुर्र ऽ!" त्याच्यामागं दहा, त्यांच्यामागं शंभर. बायांनी जेवणाचे डबे काढून झाकणं आपटली. कुणी खुर्च्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवायच्या की पळायचं या विचारात अर्धवट उभे होते, असं गुरुजी नंतर सांगत होते. सगळं मैदान राघू हाकत होतं आणि राघू एकही नव्हता. माझ्या डोळ्यांतून हसून पाणी येत होतं.

आणि त्या गदारोळात माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, हंडा पळायला लागला. चार, पाच, सहा, वेगानं. शेतात इतक्या लांबून नुसता ठोका ऐकू यायचा. आज जवळून ठोक्याआधीचा श्वासही ऐकू येत होता. "हं." प्रत्येक ठोक्याआधी, "हं." आणि बांगड्या मागं सरकल्याचा आवाज.

दिवाळीचे पोहे कांडायला काकी मुसळ असंच उचलायची. "हं." मी नऊ वर्षांची, माझ्या हातात छोटं मुसळ. ती एकटीच भराभर कांडत जायची आणि शेवटचा घाव माझ्यासाठी सोडायची. तो मी मारायचा. मारला की म्हणायची, "झालं माज्या वाघिणीचं!" म्हणजे सगळे पोहे जणू मीच कांडले.

हंडा कडेपर्यंत आला आणि थांबला. माझा हात वर उचललेला होता. पडेना. फट तशीच राहिली. तिनं पुन्हा सुरुवात केली, हळू, मग भराभर, पुन्हा कडेपर्यंत. पुन्हा मी नाही. भीती वाटत होती. मारला तर तिला कळेल की मी आहे. कळलं की तिला उठावं लागेल, नाहीतर घरी जाऊन सांगावं लागेल, मला तसंच. मग उद्यापासून पलीकडून हंडा येणार नाही. अकरा वर्षांनी मिळालेली ही एवढीशी काकी, तीही जाईल.

तिसऱ्यांदा ती आली. या वेळी शेवटच्या ठोक्याआधी ती इतका वेळ थांबली की सगळं मैदानसुद्धा गप्प झालं. तेव्हा मला कळलं, तिला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे, देव जाणे. मी डब्यावर असा ठोका हाणला की डब्याचं बूड फुटलं आणि काठी आत गेली.

मैदान पेटलं. मी इरल्यात ढसाढसा रडत होते आणि हसत होते, आणि कुणाला दिसत नव्हतं. इरल्यासारखी सोयीची वस्तू नाही.

स्टेजमागं आम्ही दोघी इरली घालूनच उभ्या राहिलो. बांबूवाला निघाला दादा. त्यानं आपलं इरलं काढून बगलेत मारलं होतं आणि तो नेहमीसारखा हसत होता. हंडेवालीनं हंडा खाली ठेवला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "तुमच्याकडं कुनाचा तरी पाय मोडलाय म्हनं. भरत आला का?"

"भरत आला," मी म्हटलं. "काठी घेऊन चालतात. तुमच्याकडं सगळं बरं?"

"बरं हाय. आमचं मानूस रिटायर झालं. आमी गावातच हाव आता." इरल्याची कड सावरत ती म्हणाली, "मी म्हटलं, तिकडं राखणीला रोजाचं कोन ठेवलं असंल. पयल्याच दिसी शेवटचा ठोका मारलान, तवाच वळखलं."

"माझ्या नाही लक्षात आलं," मी म्हटलं.

"तू पयल्यापासून मठ्ठ गो," ती म्हणाली, आणि मग तिनं जीभ चावली. हंडा उचलून निघून गेली.

परतीच्या जीपमध्ये दादानं सगळं सांगितलं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. दुपारी माणसं ओट्यांवर येऊन बसायची, आज दोन घरं काय बोलतात ते ऐकायला. "मंग मला सांगितलं का नाय?" मी भडकले. "इकडचं तिकडं सांगायचं नाय, तुमचाच नेम," दादा म्हणाला. मला त्याला जीपमधून ढकलावंसं वाटलं आणि त्याच्या पायाही पडावंसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कापणी झाली. मी शहापूरला रुजू झाले, चेहरा शक्य तेवढा पिवळा करून. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला मोबाईल दाखवला, "अहो, बघा तरी, कोण येडे आहेत हे!" तीन कासवं, त्यांतलं मधलं मी. मी म्हटलं, "काय लोक असतात एकेक." सबंध दिवस पोटात गुदगुल्या होत होत्या.

पण आतून धास्ती होती. तो व्हिडिओ बाबांच्या मोबाईलवरही गेला असणार. आणि राखणच संपली होती. राखायला भात नाही, तर वाजवायला कारण नाही. रविवारी घरी गेले तेव्हा बाबा ओट्यावर काठी टेकून बसले होते. पुढ्यात माझा बूड फुटलेला डबा.

"ह्यो तूच फोडलास," ते म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली.

"दोन येळा मोकळा का सोडलास?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. मग कळलं, त्यांनी तो व्हिडिओ कान देऊन ऐकला होता, ठोके मोजत. बाबा माझ्याकडं बघत नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते मान वळवून ओढ्यापलीकडं बघत होते.

"आमच्या आयेनं शिकवलं होतं तिला ते. शेवटचा घाव घरातल्या दुसरीसाठी सोडाचा. सोडला की भराचा असतो. मोकळा ठेवून चालत नाय."

"बाबा, आता राखायला काय उरलंय?" मी म्हटलं.

त्यांनी काठीनं बांधाकडं खूण केली. "औंदा त्याच्यावर वाल टाकू. शेंगा धरल्या की वानरं येतात." आणि काठी खाली ठेवत म्हणाले, "एका बाजूनं राखून भागायचं नाय. तिकडं सांगून ये."